परभूमीत उभारलेले घर : वाल्डेमार हाफकिन यांचे जीवन

मुंबईतील परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था उभी आहे. सर्पदंशावरील लस आणि पोलिओचा डोस यांमुळे हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचले आहे. ते इतके सरावाचे झाले आहे की ते कोणा एका माणसाचे आडनाव होते, हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. हा माणूस काळ्या समुद्राच्या काठी जन्मला, रशियन भाषेत शिकला आणि मायदेशाने पाठ फिरवल्यावर देशोदेशी फिरत अखेर मुंबईत स्थिरावला. ज्या भूमीशी त्याचे रक्ताचे, भाषेचे किंवा धर्माचे कोणतेही नाते नव्हते, त्या भूमीतील लाखो लोकांचे प्राण त्याच्या लसीने वाचवले. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

कोल्हापूरकरांना विस्थापितांची कथा नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. ती गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. महावीर उद्यानातील पोलिश स्मृतिस्तंभ आजही त्या दिवसांची साक्ष देतो. वळिवड्यात आलेली माणसे समूहाने आली होती. त्यांच्या सोबतीला स्वतःची भाषा, शाळा आणि प्रार्थनास्थळ होते. हाफकिन मात्र एकटे आले. एकटा माणूस परक्या मुलखात घर कसे करतो आणि तो मुलूख त्याला कसे वागवतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या चरित्रात सापडतात. शिक्षणासाठी बालपणीच घर सोडून वसतिगृहात आलेल्या आणि पुढे नोकरीधंद्यासाठी गाव सोडून गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे चरित्र जवळचे वाटेल, अशी आशा आहे.

जन्माने घातलेली कुंपणे

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. बेर्द्यान्स्क या लहान बंदरगावात शालेय शिक्षण पूर्ण करून १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. प्राणिशास्त्राचे थोर अध्यापक इल्या मेचनिकोव्ह तेथे शिकवीत असत. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे पुढे जगाला दाखवून देणारे आणि १९०८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हेच ते मेचनिकोव्ह. गुरुशिष्यांचे हे नाते हाफकिन यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले.

त्या साम्राज्यात ज्यू कुटुंबात जन्म घेणे म्हणजे कुंपणाच्या आत जन्म घेणे होते. ज्यूंनी कोणत्या प्रांतांत राहावे हे कायद्याने ठरलेले होते. १८८७ पासून विद्यापीठांत त्यांना किती जागा मिळाव्यात, यावरही मर्यादा घालण्यात आली. विद्वत्ता कितीही असो, जन्म आडवा येत असे. १८८१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली आणि तिचे खापर ज्यूंच्या माथी फोडून दक्षिण रशियात त्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील तरुणांनी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी जो गट उभारला, त्यात हाफकिन होते. त्या धामधुमीत ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकल्यामुळे त्यांची सुटका झाली. पुढे विद्यापीठातील दडपशाहीला कंटाळून १८८२ साली मेचनिकोव्ह यांनीच राजीनामा दिला.

हाफकिन यांनी १८८८ पर्यंत ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम केले. सूक्ष्म एकपेशीय जीवांवरील त्यांचे निबंध विद्वानांच्या पसंतीस उतरले होते. तथापि विद्यापीठात प्राध्यापक होण्याची वाट एकाच दारातून जात होती. आपला धर्म सोडून त्यांनी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर ते दार उघडले असते. धर्म ज्याचा त्याने निवडावा, यात वाद नाही. पण पोटासाठी आणि पदासाठी लादलेले धर्मांतर त्यांना मान्य झाले नाही. त्यांनी पद नाकारले आणि १८८८ साली देश सोडला.

ग्रंथपालाच्या खुर्चीतून प्रयोगशाळेकडे

हाफकिन एकटे निघाले तरी त्या वाटेवर ते एकटे नव्हते. १८८१ ते १९१४ या काळात सुमारे वीस लाख ज्यूंनी रशियन साम्राज्य सोडले. बहुसंख्य अमेरिकेला गेले. विद्यार्थी आणि विचारवंत मात्र जिनिव्हा, झुरिच, पॅरिस या शहरांत विसावले. तेथे रशियन बोलणाऱ्यांच्या छोट्या वस्त्या तयार झाल्या. कोणाकडे खोली, कोणाकडे पुस्तके, कोणाकडे कामाची ओळख, अशा देवाणघेवाणीवर ही माणसे तग धरीत. मुंबईला गिरणीत आलेला घाटावरचा माणूस आधी गाववाल्याच्या खोलीवर उतरे आणि मग आपले बस्तान बसवी, त्याचीच ही युरोपीय तऱ्हा म्हणावी.

हाफकिन प्रथम जिनिव्हा येथे शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात साहाय्यक झाले. मेचनिकोव्ह तोवर पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले होते. १८८९ साली त्यांनी शिष्याला बोलावून घेतले. रिकामी जागा होती ती ग्रंथालयातील. विद्यापीठात शिकवण्याची योग्यता असलेल्या या संशोधकाने ती निमूटपणे पत्करली. दिवसा पुस्तकांची देखभाल करावी आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा क्रम सुरू झाला. पुढे एमिल रू यांच्या हाताखाली त्यांना प्रयोगशाळेत जागा मिळाली.

त्या वर्षांत पटकीने आशिया आणि युरोप हादरला होता. पटकीच्या जंतूंपासून माणसाला देता येईल अशी लस तयार करण्याचे काम हाफकिन यांनी हाती घेतले. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. आता प्रश्न उरला तो पहिल्या माणसाचा. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली; काही दिवसांत सारे ओसरले. त्यानंतर स्वखुशीने पुढे आले ते त्यांचेच तीन रशियन मित्र, त्यांच्यासारखेच देशाबाहेर आलेले. परदेशातील मैत्रीचे बंध किती घट्ट असू शकतात, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागेल.

त्याच उन्हाळ्यात रशियात पटकीची भयंकर साथ पसरली होती. हाफकिन यांनी आपली लस मायदेशाला देऊ केली. तेथील अधिकाऱ्यांनी ती स्वीकारली नाही. ज्या देशाने त्यांना बाहेर काढले, त्याच देशाच्या दारी ते औषध घेऊन गेले होते. दार तरीही बंदच राहिले. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पटकीचे माहेरघर असलेल्या बंगालमध्ये या लसीची कसोटी व्हावी, असे त्यांनी सुचवले आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

दोन बाजूंचा संशय

हिंदुस्थानात त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले गेले. इंग्रज आणि रशियन सत्तांमध्ये त्या काळी मध्य आशियावरून चुरस होती. त्यामुळे हा रशियन माणूस हेर तर नसेल, अशी शंका काही इंग्रजांना होती. शिवाय ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांना एका बाहेरच्या माणसाचे हे स्थान खुपत असे. दुसरीकडे, सुई घेऊन दारात येणारा गोरा माणूस सरकारचाच असणार, असे सामान्य भारतीयांना वाटे. त्यांची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याचा देश त्यांना ठाऊक नव्हता.

या संशयावर हाफकिन यांनी आज्ञा किंवा धाक यांचा उपाय योजला नाही. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये ते भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन फिरत. लोक बिथरले तर ते स्वतःला सर्वांसमक्ष लस टोचून घेत. त्यांच्या सोबतचे भारतीय सहकारीही तसेच करीत. मग एखादा धीट माणूस पुढे येई आणि त्याच्या मागे रांग लागे. १८९४ साली कट्टल बागान नावाच्या बस्तीत दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीने जे दगावले ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. वस्तीतल्या माणसांना तक्त्यांची गरज नव्हती. शेजारच्या झोपडीत काय घडले, हे ती डोळ्यांनी पाहत होती.

पहिल्या मुक्कामात त्यांनी उत्तर भारतातील छावण्या, तुरुंग, गावे आणि आसामातील चहाचे मळे पालथे घातले. सुमारे ४२,००० लोकांना लस देण्यात आली. मलेरियाने शरीर पोखरल्यामुळे १८९५ साली त्यांना विश्रांतीसाठी युरोपात परतावे लागले. प्रकृती जेमतेम सुधारताच १८९६ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

मुंबईतील खोली आणि तुपाचे थेंब

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले आणि मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. बघता बघता शहर ओस पडू लागले. गिरण्या थंडावल्या आणि लोक कोकणात व घाटावर पळाले. त्यांच्याबरोबर रोगही पसरला. सरकारने घरे तपासण्याचे, रोग्यांना बळाने हलवण्याचे आणि सामान जाळण्याचे उपाय योजले. त्यातून क्षोभ उसळला. पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. याच साथीत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले रुग्णांच्या सेवेसाठी धावल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांची प्राणज्योत मालवली. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत हे संकट करवीर संस्थानातही आले. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिलेल्या पिढीच्या आठवणी आपल्याकडे कितीतरी घरांत पुढच्या पिढ्यांना ऐकवल्या गेल्या.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस पाचारण केले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. एवढ्या सामग्रीवर जगातील पहिली परिणामकारक प्लेगची लस तयार व्हायची होती. काम रात्रंदिवस चालले. त्या ताणाने एक मदतनीस आजारी पडला, इतर सोडून गेले. हाफकिन यांचे काम थांबले नाही.

प्लेगचा जंतू मोठ्या प्रमाणावर वाढवणे ही खरी अडचण होती. मांसाच्या सारात त्यांनी तुपाचे थेंब सोडले. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या त्या थेंबांना जंतू चिकटून वाढत आणि छतावरून लोंबणाऱ्या झुंबरासारखे खाली उतरत. भांडे हलवले की ते तुटून तळाशी बसत आणि वर नवे धागे फुटत. अशा रीतीने भरपूर वाढ मिळवून, उष्णतेने जंतू मारून लस बनवली जाई. ओडेसात शिकलेले आणि पॅरिसमध्ये पारखलेले शास्त्र आणि या देशातील प्रत्येक स्वयंपाकघरातले तूप यांचा असा मेळ पडला. परक्या देशात रुजणे म्हणजे काय, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. जवळचे ज्ञान न टाकता, समोरच्या मातीत जे मिळते ते त्यांनी हाती घेतले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लसीची पहिली मात्रा, तीही पुढे इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेहून मोठी, स्वतःच्या शरीरात घेतली. अंगात ताप असताना ते कामावर हजर राहिले. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जेथे प्लेग शिरला होता, स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि तिचा उपयोग दिसून आला. पुढे लोणावळा, खडकी, दमण, हुबळी, धारवाड अशा ठिकाणी ती दिली गेली. आगाखान यांनी आपल्या मालकीचा खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, स्वतः लस घेतली आणि त्यांच्या खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. सक्तीने जे साधले नव्हते ते विश्वासाने साधले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा गावी झालेली चाचणी विशेष प्रसिद्ध आहे. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली, म्हणजे घर, अन्न, पाणी सारे तेच राहिले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावले. एकाच छपराखालचा हा फरक कोणालाही समजण्याजोगा होता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १८८२ साली याच वास्तूत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन पटकीने वारल्या होत्या आणि नंतर गव्हर्नरांनी तेथील वास्तव्य सोडले होते. ज्या घरातून रोगाने सत्ताधीशांनाही बाहेर काढले, त्या घरात रोगावरील औषध तयार होऊ लागले. हाफकिन अविवाहित होते. त्यांचे म्हणावे असे घर कोठेच नव्हते. परळची ही वास्तूच त्यांचे घर झाली. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले.

याच परळला आपल्या इतिहासाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. प्लेगने मुंबईच्या कोंदट वस्त्यांचे वास्तव उघडे पाडल्यामुळे १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीतच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातील कितीतरी वर्षे काढली.

एका बाटलीचा आरोप

घर मिळवायला दहा वर्षे लागतात. ते हिरावून घ्यायला एक दिवस पुरतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. मेलेल्या एकोणीस माणसांची घरे उजाड झाली. या प्रकरणाची चर्चा करताना त्यांचा विसर पडणे योग्य नाही.

चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस लवकर आणि भरपूर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत वापरली होती. ती पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रूढ होती, पण समितीने तीच अपराधाची खूण मानली. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते इंग्लंडला गेले. आधीपासूनच परका मानला गेलेला, वैद्यकाची पदवी नसलेला हा रशियन ज्यू संशोधक दोषी ठरवायला सोपा होता. पुढे अनेकांनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रेफस या ज्यू सेनाधिकाऱ्यावरील अन्यायाशी केली.

खरी हकीकत चौकशीच्या कागदांतच होती. मुलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता केवळ जंतुनाशक द्रावणात हिसळून त्याने बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे शास्त्राला माहीत होते. शिवाय मुंबईतच बाटली दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत तिच्यातील द्रव उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेने केलेल्या तपासणीतही दूषितपणा गावात बाटली उघडताना शिरला असण्याचीच शक्यता ठळक झाली. तरीही सरकार वर्षानुवर्षे मौन धरून राहिले. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू वृत्तपत्रांतून मांडली आणि जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये एकत्रित पत्र छापून आणले. अखेर १९०७ च्या अखेरीस ते निर्दोष ठरले.

निर्दोष ठरणे आणि गेलेले परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच वर्षे निघून गेली होती. परळच्या प्रयोगशाळेतील त्यांची जागा दुसऱ्याकडे गेली होती. हिंदुस्थानात परतलेल्या हाफकिन यांना कलकत्त्यात काम देण्यात आले. पूर्वीचा अधिकार काही मिळाला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते सेवानिवृत्त झाले आणि फ्रान्सला निघून गेले.

अखेरची वर्षे

पॅरिसजवळच्या बुलोन्य येथे ते साधेपणाने राहिले. तरुणपणी पदासाठी सोडला नव्हता तो धर्म ते आता अधिक निष्ठेने पाळू लागले. पूर्व युरोपातील छळ सोसणाऱ्या ज्यू समाजाच्या कामात त्यांनी वेळ आणि पैसा दिला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. हे वृत्त कळल्यावर त्यांनी लिहिलेल्या पत्रात कटुतेचा लवलेश नव्हता. मुंबईतील कामात आपल्या आयुष्याची सर्वोत्तम वर्षे खर्ची पडली, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आणि संस्थेला शुभेच्छा दिल्या. १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईतून बाहेर पडल्या होत्या.

१९२७ साली त्यांनी जन्मभूमीला अल्पकाळ भेट दिली. झारची सत्ता जाऊन दहा वर्षे झाली होती. ज्या रशियातून ते निघाले होते तो रशिया आता उरला नव्हता. स्थलांतरिताला पुष्कळदा असेच आढळते. तो परततो तेव्हा गाव बदललेले असते आणि तोही. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहावयास गेले. पुढील वर्षी त्यांनी आपली जन्माची मिळकत एका निधीत घातली. पूर्व युरोपातील गरीब ज्यू विद्यार्थ्यांच्या पाठशाळांना त्यातून साहाय्य व्हावे, अशी त्यांची योजना होती. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९३२ साली हाफकिन संस्थेला साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक लाभले. १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या जीवनाकडे आज पाहताना काही गोष्टी मनात ठसतात. हाफकिन यांनी परदेशात आपले मूळ लपवले नाही आणि ते कुरवाळीतही बसले नाहीत. ग्रंथालयातील खुर्ची असो की कॉलेजचा व्हरांडा, जे मिळाले तेथून त्यांनी सुरुवात केली. ज्यांच्यात राहायचे त्यांच्याकडून विश्वास मागण्याआधी त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला. परक्याला आपले होण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

परंतु घर एका माणसाच्या प्रयत्नाने पुरते उभे राहत नाही. त्याला त्या भूमीची साथ लागते. कलकत्त्याचे भारतीय डॉक्टर, आगाखान, भायखळ्याचे अनाम कैदी, उंधेऱ्याचे शेतकरी आणि सुईपुढे पहिला हात करणारी बस्तीतील माणसे यांनी हाफकिन यांना घर दिले. ते काढून घेतले सत्तेने, आणि तेही पुराव्याची छाननी होण्याआधी. बाहेरून आलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या चांगल्या दिवसांत होत नाही. आरोपाच्या दिवशी त्याचे आपल्यातील स्थान कळते. त्या दिवशी समाज त्याचे आडनाव पाहतो की पुरावा पाहतो, यावरून समाजाचीही परीक्षा होते.

आपल्या शाळेचे अनेक विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत, परराज्यांत आणि परदेशांत आहेत. कोठेतरी तेही बाहेरचे म्हणून ओळखले जातात. त्याच वेळी आपल्या एमआयडीसीत, बांधकामांवर आणि उसाच्या फडात दूरदेशीची माणसे कामाला आली आहेत. एका दारी आपण पाहुणे आहोत, दुसऱ्या दारी यजमान. दोन्ही ठिकाणी कसे वागावे, हे शिकण्यासाठी परळच्या त्या वास्तूवरील परके वाटेनासे झालेले नाव मार्गदर्शक ठरो.